ई-समूह

ई-समूह हा मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या नगरांतील, सूर्योदयाशी जोडलेला वास्तुप्रकार आहे. मोकळ्या चौकाच्या पश्चिमेला पिरॅमिड आणि समोर पूर्वेला दक्षिणोत्तर पसरलेला लांब चौथरा, एवढीच त्याची मूळ मांडणी. चौथऱ्यावर पुष्कळदा तीन देवळे असतात. ग्वातेमालातील वाशाक्तुन या नगरीत संशोधकांनी वास्तूंच्या गटांना अक्षरे दिली होती. त्यांतल्या ‘ई’ गटावरून हे नाव पडले.

या गटाचा सूर्याशी असलेला संबंध पुरातत्त्वज्ञ फ्रान्स ब्लोम यांनी १९२४ साली ओळखला. पश्चिमेच्या पायऱ्यांवरून पाहिले, तर २१ जूनच्या सुमारास सूर्य उत्तरेच्या देवळाआडून वर येतो, २१ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेच्या देवळाआडून आणि विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, मधल्या देवळामागून. पुढे उत्खननात पश्चिमेच्या पिरॅमिडच्या पोटात आणखी जुना पिरॅमिड निघाला. त्याला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या कडेला चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले मोठाले मुखवटे.

वाशाक्तुनचे हे चित्र मोहक आहे. पण ते जसेच्या तसे सगळ्या ई-समूहांना लावणे चुकीचे ठरेल. खुद्द वाशाक्तुनमध्येही काटेकोर मोजमापांत फरक आढळला. शिवाय अयनदिनाच्या, म्हणजे २१ जून आणि २१ डिसेंबरच्या, आसपास सूर्य क्षितिजावर जणू थबकतो. उगवण्याची जागा कित्येक दिवस डोळ्यांना कळेल इतकी सरकतच नाही, त्यामुळे देवळाच्या कोपऱ्यावरून नेमका दिवस ठरवणे अवघड. विषुवदिनाच्या सुमारास मात्र ती रोज जवळपास सूर्यबिंबाच्या रुंदीइतकी सरकते.

पुरातत्त्वज्ञ इव्हान श्प्रायत्स यांच्या मोजणीतून वेगळाच धागा हाती आला. माया प्रदेशातल्या अनेक वास्तूंचा रोख १२ फेब्रुवारी आणि ३० ऑक्टोबरच्या सूर्योदयाकडे आहे. या दोन तारखांमध्ये बरोबर २६० दिवसांचे अंतर पडते. तेरा अंक आणि वीस दिवसनामे यांच्या जोडणीतून झालेले मायांचे धार्मिक पंचांगही २६० दिवसांचेच. मक्यावर जगणाऱ्या समाजाला कोरड्या दिवसांत रान जाळून तयार ठेवावे लागे, पावसाच्या तोंडावर पेरणी करावी लागे. त्याचा हिशेब आणि देवकार्याचा हिशेब इथे एकाच क्षितिजावर मांडलेला दिसतो. म्हणूनच ई-समूहाला नुसती ‘वेधशाळा’ म्हणणे अपुरे वाटते. आकाश मोजण्याइतकेच, चौकात जमलेल्या लोकांनी ठरल्या दिवशी ठरल्या जागी सूर्य उगवताना पाहणे हेही इथे महत्त्वाचे असावे.

हा प्रकार फार जुना आहे. ग्वातेमालातील सेबाल येथील ई-समूह इ. स. पू. १०००च्या आसपासचा आहे. मेक्सिकोतील ताबास्को राज्यात आग्वादा फेनिक्स येथे सुमारे १,४०० मीटर लांबीच्या मातीच्या प्रचंड चौथऱ्यावर अशीच मांडणी आढळली. हा शोध २०२० साली जाहीर झाला. ग्वातेमालातील तिकाल या माया नगरीतला ‘मुंदो पेर्दिदो’ (हरवलेले जग) हा भागही ई-समूहाभोवतीच वाढत गेला.

माया प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे वर्षातून दोनदा माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. वाशाक्तुन आणि आपले कऱ्हाड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास कऱ्हाडात ज्या दिवसांत सावली पायाखाली जाते, त्याच दिवसांत तिथल्या पायऱ्यांवरही ती नाहीशी होते.