घानाची जीएनपीसी : आधी कंपनी, मग तेल

तेलउत्पादक देश म्हणून घानाचं नाव जगाच्या कानावर पडलं ते २००७ साली. त्या वर्षी जूनमध्ये देशाच्या पश्चिम भागात, किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर खोल समुद्रात, कॉसमॉस आणि टलो या कंपन्यांना मोठा साठा लागला. स्वातंत्र्याला तेव्हाच ५० वर्षं झाली होती, म्हणून क्षेत्राचं नाव ठेवलं 'ज्युबिली'. सरकारी तेल कंपनी, घाना नॅशनल पेट्रोलियम कॉर्पोरेशन म्हणजे जीएनपीसी, मात्र तोवर २४ वर्षांची झाली होती.

तिचा जन्म १९८३ चा. घानासाठी त्याहून वाईट वर्ष शोधून सापडणार नाही. दुष्काळ होता, वणवे पेटत होते आणि नायजेरियाने जानेवारीत हाकललेले सुमारे १० लाख लोक मायदेशी परतत होते. उपासमारीने लोकांच्या गळ्याची हाडं वर आली होती. सत्तेवर जेरी रॉलिंग्ज होते, म्हणून त्या हाडांना लोक 'रॉलिंग्जचा हार' म्हणत. तिजोरीत परकीय चलन नाही आणि तेमाची रिफायनरी चालायची आयात कच्च्या तेलावर. स्वतःचं म्हणावं असं एकच क्षेत्र होतं, साल्टपाँड. १९७० मध्ये सापडलेलं, १९७८ पासून थोडंफार तेल देणारं.

अशा वेळी एका कायद्याने कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या वर्षी शोध-उत्पादनाचा कायदा आला. त्यातली खरी मेख होती सरकारी हिश्श्याची. शोधाचा खर्च परदेशी कंपनीने करायचा. विहीर कोरडी गेली तर नुकसान तिचं, तेल लागलं तर ठरलेला हिस्सा देशाचा. पुढे ज्युबिलीच्या करारांत हा फुकटचा हिस्सा १० टक्के होता.

पण त्साट्सु त्सिकाटा या कायदेपंडिताच्या हाती सूत्रं आल्यावर नुसत्या हिश्श्यावर कंपनीचं समाधान होईना. तिने सर्वेक्षणं केली, टानो खोऱ्यात विहिरी खोदल्या, 'डिस्कव्हरर ५११' हे खोदकामाचं जहाजच बाळगलं. टानोच्या वायूवर चालावं म्हणून १२५ मेगावॅटचं तरंगतं वीजकेंद्र आणून एफासूला नांगरून ठेवलं. 'ओसाग्येफो' नावाच्या त्या बार्जने घानाला वीज कधीच दिली नाही. शिवाय कंपनीचे हात सोन्याच्या खाणीत आणि टेलिफोनच्या धंद्यातही होते. तेल निघत नसताना तेल कंपनीने हे सगळं करावं, याचा बचाव मला तरी करता येत नाही.

२००१ मध्ये सरकार बदललं. एका फ्रेंच बँकेचं कर्ज फेडण्यासाठी 'डिस्कव्हरर' विकून टाकलं. एका कोको कंपनीच्या कर्जाला दिलेल्या हमीवरून त्सिकाटांवर खटला चालला आणि २००८ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष कुफुओर यांनी पद सोडता सोडता माफी दिली, ती त्यांनी नाकारली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षाच रद्द केली. जहाज गेलं, माणसं पांगली, पण करार करण्याचा अधिकार आणि समुद्रतळाची जमवलेली माहिती कंपनीकडे राहिली. २००४ मध्ये कॉसमॉसशी झालेल्या ज्या करारातून ज्युबिली हाती लागलं, त्यात जीएनपीसी देशाच्या वतीने भागीदार होती.

या माहितीची किंमत पुढे नीट कळली. २००९ मध्ये कॉसमॉसने आपला हिस्सा सुमारे ४ अब्ज डॉलरला एक्झॉनमोबिलला विकायचं ठरवलं. आमची गोपनीय माहिती परवानगीशिवाय दाखवली, अशी हरकत जीएनपीसीने घेतली. तो हिस्सा तिला स्वतःलाच हवा होता. तो तिला मिळाला नाही, पण २०१० च्या ऑगस्टमध्ये एक्झॉनने माघार घेतली.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष अट्टा मिल्स यांनी, अंगात कामगारांचा डगला घालून, उत्पादनाचं औपचारिक उद्घाटन केलं. ते ज्या तरंगत्या जहाजावर झालं त्याचं नाव क्वामे एन्क्रुमा. ज्युबिलीत जीएनपीसीचा वाटा १३.६४ टक्के ठरला : १० टक्के फुकटचे, बाकीच्यासाठी खर्चाचा भार उचलायचा. मग २०११ मध्ये दोन कायदे झाले. एकाने तेलाचा पैसा अर्थसंकल्प, स्थिरता निधी आणि पुढच्या पिढ्यांचा निधी यांत वाटण्याचे नियम घातले, दुसऱ्याने पेट्रोलियम आयोग नेमला. तोपर्यंत करारात भागीदार असलेली जीएनपीसीच इतरांवर देखरेखही करत होती. खेळाडू आणि पंच एकच. ही फारकत नॉर्वेने १९७२ मध्येच केली होती.

नियमनाचं काम सुटल्यावर कंपनीने ठरवलं, २०१९ पर्यंत स्वबळावर क्षेत्र चालवायचं. ते जमलं नाही. उलट २०१९ मध्ये सुमारे ७.१ कोटी बॅरलवर पोहोचलेलं देशाचं वर्षाचं उत्पादन २०२३ पर्यंत ४.८ कोटींच्या आसपास उतरलं. २०२१ मध्ये जीएनपीसीने ज्युबिली आणि टेन या क्षेत्रांतला आणखी ७ टक्के हिस्सा १६.५ कोटी डॉलरला घेतला. म्हणजे भागीदारी वाढली, पण विहिरीवरचा हात अजून टलोचाच.

जीएनपीसीवर अलीकडे समुद्रातलं जे काम येऊन पडलं ते साल्टपाँडचं. तिथे जुन्या रिगचा 'मिस्टर लुई' नावाचा प्लॅटफॉर्म गंजत उभा होता. विहिरी बुजवून तो मोडीत काढायचा होता.