पैसा, गरिबी आणि देवावरचा भरवसा (ख्रिस्ती दृष्टिकोन)

ख्रिस्ती शिकवणीत पैशाबद्दलचा मुख्य प्रश्न असा की माणूस कोणाच्या भरवशावर निवांत झोपतो, देवाच्या की साठवलेल्या पैशाच्या. मत्तय 6 मध्ये (म्हणजे बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाचा 6 वा अध्याय, पुढचे संदर्भही असेच) येशू सरळ सांगतो की देव आणि धन अशा दोन मालकांची चाकरी एकाला जमणार नाही. "पैसा सगळ्या वाईटाचं मूळ" असं बायबलमध्ये आहे असं लोक सर्रास बोलतात, पण 1 तीमथ्य 6:10 मध्ये पैशाचा लोभ म्हटलंय, आणि लोभ काय, रिकाम्या खिशालाही सुटतो.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात, श्रीमंती हा देवाचा आशीर्वाद म्हणून बऱ्याचदा येते, अब्राहामाकडे भरपूर गुरंढोरं, चांदी, सोनं होतं. पण गरीब म्हणजे पापीच असणार हा हिशोब ईयोबाच्या पुस्तकात मोडतो, ईयोब हा सज्जन माणूस, तरी त्याचं सगळं जातं, मित्र म्हणत राहतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार आणि शेवटी देव त्या मित्रांनाच झापतो.

भरवसा ही नुसती मनातली भावना नव्हती, ती इस्राएली लोकांना देवाने दिलेल्या कायद्यातच घातलेली होती, हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. निर्गम 16 मध्ये मान्ना (वाळवंटात देवाने त्यांना दिलेलं अन्न) त्या दिवसापुरताच गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट चालायचा. लेवीय 19 प्रमाणे शेताच्या कडा कापायच्या नाहीत, त्या गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायच्या. लेवीय 25 तर म्हणतं सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, मग खायचं काय हा प्रश्नही तिथेच विचारलाय आणि उत्तर असं की सहाव्या वर्षी 3 वर्षं पुरेल एवढं पीक देव देईल, आणि 50 व्या म्हणजे योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत.

येशूकडे आलेल्या श्रीमंत माणसाला (मार्क 10) सगळं विकून गरिबांना दे असं सांगितलं जातं, तो खिन्न होऊन निघून जातो आणि मग ते वाक्य येतं की श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. जेरुसलेमला 'सुईचं नेढं' नावाचं एक बुटकं दार होतं, उंट ओझं उतरवून वाकून त्यातून जायचा अशी गोष्ट बरेच जण सांगतात, पण तिला काही पुरावा नाही आणि शिष्य "मग तारण (उद्धार) कोणाचं होणार" म्हणून हादरले ते वाक्य ऐकायला अशक्य होतं म्हणूनच. तरी सगळ्यांना एकच नियम नव्हता, जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार अर्धी मालमत्ता देतो आणि फसवलेल्यांना चौपट परत करतो म्हणतो, तेवढ्यावर येशू खुश. सुरुवातीच्या मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांकडे, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांकडे, आणून द्यायचे, पण हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं थोडे पैसे लपवून सगळे दिल्याचं भासवतं, त्या गोष्टीत पेत्र हा प्रेषित स्पष्ट बोलतो की पैसा तुमच्याच ताब्यात होता, गुन्हा खोटं बोलण्याचा आहे. आणि भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असंही कोणी समजू नये, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊ पण नये असं प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात खडसावलंय.

नंतरच्या इतिहासात ही ओढाताण चालूच राहिली. फ्रान्सिस ऑफ असिसी या इटलीतल्या संताने बापाची संपत्ती नाकारली, पण ख्रिस्त आणि प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं हट्टाने म्हणणं हे 1323 मध्ये पोप जॉन बावीसावे यांनी पाखंड ठरवलं! मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचा सल्ला प्रसिद्ध आहे, जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या, पण लोक पहिल्या दोनवरच थांबतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने 1836 पासून अनाथालयं चालवली, देणगी कोणाकडे मागायची नाही, फक्त प्रार्थना करायची हा नियम, आणि त्याच्या हयातीत हजारो मुलं तिथे वाढली.

हल्लीचा मोठा वाद समृद्धीच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे अर्पण द्या, देव कित्येक पट परत देईल. आधार बहुतेकदा मलाखी 3:10 चा, जिथे दशांश (कमाईचा दहावा भाग) आणून माझी परीक्षा बघा असं देव म्हणतो. हा सरळसरळ गुंतवणुकीचा सौदा झाला असं मला वाटतं, कारण त्यात भरवसा परत मिळणाऱ्या पैशावरच राहतो, आणि पैसे आले नाहीत की विश्वास कमी पडला म्हणून दोष गरिबावरच, म्हणजे ईयोबाचे मित्र पुन्हा हजर. दुसऱ्या टोकाला लॅटिन अमेरिकेतलं मुक्तिवादी धर्मशास्त्र, 1968 च्या मेडेलिन इथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंतर ते पुढे आलं, ते म्हणतं गरिबी हा अन्यायाचा परिणाम आहे आणि देव गरिबांच्या बाजूने उभा आहे. दशांशाबद्दलही एकमत नाही, काही मंडळ्या 10 टक्के सक्तीचे धरतात, काही 2 करिंथ 9:7 दाखवून म्हणतात जेवढं मनात ठरवलंय तेवढं, कुरकुर न करता.

बचत किंवा विमा म्हणजे अविश्वास का, हे पण नेहमी विचारलं जातं. उत्पत्ती 41 मध्ये योसेफ सुकाळाची 7 वर्षं धान्य साठवतो आणि त्याबद्दल त्याची वाहवाच होते, लूक 12 मधला श्रीमंतही कोठारं मोठी बांधायला निघतो पण त्याच्या बोलण्यात माझं धान्य, माझी कोठारं याशिवाय दुसरं माणूसच येत नाही, योसेफाचं धान्य मात्र दुष्काळात अख्ख्या मिसरला (इजिप्तला) पुरलं.