आधी कोणता पाहिला? बाँडच्या चाहत्यांची जडणघडण

जेम्स बाँडचा पहिला चित्रपट ‘डॉक्टर नो’ लंडनमध्ये लागला तो ५ ऑक्टोबर १९६२ला. ही तारीख आता बाँडचा दिवस म्हणून जगभर साजरी होते, पण चाहते काही त्या एका रात्रीत तयार झाले नाहीत. बाँडला आधीच वाचक होते. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी १९५३ची. १९५५पासून तिची स्वस्त पेपरबॅक आवृत्ती मिळू लागली, १९५८मध्ये लंडनच्या एका दैनिकात चित्रपट्टी सुरू झाली. १९६१मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी एका साप्ताहिकात छापून आली, तिच्यात बाँडची कादंबरी होती. तिथून अमेरिकेत पुस्तकांचा खप झपाट्याने वाढला.

वाचक वेगळा आणि चाहता वेगळा. चाहता घडला १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत, ‘गोल्डफिंगर’ या तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी. न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात त्याचे खेळ चोवीस तास चालू ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने बाँडची गाडी बाजारात आणली. पडद्यावरची गाडी चंदेरी, खेळणं सोनेरी. कळ दाबली की टपातून माणूस बाहेर उडायचा. लाखो मुलांच्या हातात ती गाडी गेली, त्यातल्या अनेकांच्या हातात चित्रपट पाहण्याआधीच गेली.

त्याच वर्षी अमेरिकेत पहिले दोन चित्रपट एकाच तिकिटात पुन्हा लावले गेले. माझ्या मते या मालिकेच्या इतिहासातला हा सर्वांत कमी लेखलेला निर्णय आहे. ज्याने पहिल्यांदा ‘गोल्डफिंगर’ पाहिला होता, त्याला मागचं सगळं एका बैठकीत मिळालं. आधीचं शोधून पाहायचं, क्रम लावायचा, तुलना करायची, या सवयी तिथे लागल्या.

पुढचं काम दूरचित्रवाणीने केलं. अमेरिकेत १९७२पासून आणि ब्रिटनमध्ये १९७५पासून हे चित्रपट घरात दिसू लागले. तिथल्या एका पिढीचा पहिला बाँड हा दिवाणखान्यातला बाँड आहे, जाहिरातींनी तोडलेला. १९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’चे तर फार हाल झाले. १९७६मध्ये एका अमेरिकी वाहिनीने तो दोन भागांत दाखवताना प्रसंगांचा क्रमच बदलला. बर्फावरचा पाठलाग सुरुवातीला आणून ठेवला आणि वर निवेदन चढवलं, तेही दुसऱ्याच्याच आवाजात. मालिकेतल्या सर्वांत हळव्या चित्रपटाशी अनेकांची ओळख अशी मोडतोड होऊन झाली. आज तो चाहत्यांच्या याद्यांमध्ये वरच्या जागी असतो. मूळ क्रमातला चित्रपट पुढे व्हिडिओ कॅसेटवर घरोघर पोचला, त्याचा यात मोठा हात आहे.

आता १९८३चा तिढा. त्या वर्षी बाँडचे दोन चित्रपट आले. जूनमध्ये ‘ऑक्टोपसी’, त्यात तिसरा बाँड, म्हणजे रॉजर मूर. ऑक्टोबरमध्ये ‘नेव्हर से नेव्हर अगेन’, त्यात चक्क पहिला बाँड शॉन कॉनरी, १२ वर्षांनी परतलेला. दुसऱ्या चित्रपटात मालिकेची ठरलेली, बंदुकीच्या नळीतून दिसणारी ती सुरुवात नव्हती, ओळखीची धूनही नव्हती. ज्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा बाँड पाहिला त्यांना यातला खरा कोणता, हे समजायला मार्ग नव्हता.

मूळ भांडण १९५९चं. कादंबरीकाराने एका आयरिश निर्मात्यासोबत आणि एका पटकथाकारासोबत बाँडपटाची कथा रचली. चित्रपट झाला नाही. १९६१मध्ये त्याच कथेची ‘थंडरबॉल’ ही कादंबरी निघाली आणि मुखपृष्ठावर बाकी दोघांची नावं नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं. नोव्हेंबर १९६३मध्ये तडजोड झाली. पुढच्या आवृत्त्यांत तिघांचा उल्लेख करायचा आणि त्या कथेच्या चित्रपटाचे हक्क आयरिश निर्मात्याकडे जायचे. नऊ महिन्यांनी कादंबरीकार वारला. १९६५मध्ये मालिकेच्या निर्मात्यांनी आयरिश निर्मात्याशी हातमिळवणी करून ‘थंडरबॉल’ काढला. दहा वर्षं दुसरा काढायचा नाही, अशी अट त्याने मान्य केली. मुदत सरल्यावर त्याने जुळवाजुळव सुरू केली, आणि १९८३चा दुसरा चित्रपट म्हणजे तीच कथा नव्याने.

मालिकेच्या निर्मात्यांच्या हिशेबात तो चित्रपट नाही. १९६७चा ‘कसिनो रोयाल’ हा विनोदी चित्रपटही नाही, कारण त्या पहिल्या कादंबरीचे हक्क १९५५मध्येच वेगळे विकले गेले होते. कायद्याच्या नजरेने हे बरोबर असेल. पण चाहत्यांचा इतिहास लिहायचा तर १९८३चा चित्रपट गाळता येत नाही. ज्या माणसामुळे हे वेड लागलं तो पुन्हा पाहायला मिळतोय, म्हणून लोक गेले होते. त्यांना हक्कांच्या कागदांशी काय देणंघेणं?

या वादाची झळ मुख्य मालिकेलाही लागली. त्याच वादातल्या कथेतला बाँडचा जुना शत्रू ब्लोफेल्ड आणि त्याची गुप्त संघटना स्पेक्टर १९७१नंतर मालिकेच्या पडद्यावरून गायब झाली. १९८१च्या चित्रपटात चाकांच्या खुर्चीतला, मांजर कुरवाळणारा टकला माणूस येतो. तो कोण हे प्रत्येक चाहता ओळखतो, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. आयरिश निर्मात्याच्या वारसांशी २०१३मध्ये समेट झाला, तेव्हा कुठे २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये ती नावं परतली. भारतात याच चित्रपटातली चुंबनदृश्यं सेन्सॉरने निम्म्यावर आणली. पहिली भेट कापलेल्या बाँडशी होण्याचा प्रकार चाळीस वर्षांनीही संपला नव्हता.

आपल्याकडे १९८३चं वर्ष आठवतं ते ‘ऑक्टोपसी’मुळे. उदयपूरचे महाल, रिक्षांची धावपळ, आणि बाँडच्या मदतीला आपला टेनिसपटू विजय अमृतराज. ते पाहून बाँडकडे वळलेले अनेक जण आहेत, आणि नंतर केबलवरच्या पुनःप्रक्षेपणांनी त्यांच्यात भर घातली. १९९७नंतर तर एका व्हिडिओ गेममधून चाहते आले.

अधिकृत चित्रपट आता २५ आहेत, शेवटचा २०२१चा. फेब्रुवारी २०२५मध्ये मालिकेच्या पुढच्या चित्रपटांचे सर्जनशील निर्णय मूळ निर्मात्या कुटुंबाकडून एका अमेरिकी ऑनलाइन विक्री कंपनीच्या स्टुडिओकडे गेले. ‘खरा बाँड कोणता’ हा वाद तेव्हापासून पुन्हा तापला आहे, आणि या वेळी तो मालिकेच्या आतच आहे.