छोट्या ट्रॅक्टरसाठी रोटरी स्लॅशर किंवा मल्चर : अनुदानाचा अर्ज आणि एचपीची जुळणी

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस तुटून गेला की शेतात हेक्टरी साधारण 8 ते 10 टन वाळलेले पाचट पडून राहते, आणि ते पेटवण्याऐवजी बारीक करून खोडव्यात (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) ठेवायचे, तर छोट्या ट्रॅक्टरमागे चालणारे स्लॅशर किंवा मल्चर उपयोगी पडते. या अवजारांना कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदान मिळते व त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शेतकरी योजनांच्या विभागात अर्ज करावा लागतो. अर्ज भरणे अवघड नाही. मात्र ट्रॅक्टरची ताकद आणि अवजाराची रुंदी यांची जुळणी अर्जदार बहुधा विक्रेत्यावर सोपवतो, आणि अडचणीची सुरुवात तिथेच होते.

अर्जदाराच्या नावे शेतजमीन असणे, शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असणे आणि बँक खाते आधारशी जोडलेले असणे या प्राथमिक अटी आहेत. अवजार ट्रॅक्टरवर चालणारे असल्याने ट्रॅक्टर अर्जदाराच्या किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीच्या नावे असल्याचा पुरावा, म्हणजे आरसी बुक, द्यावा लागतो. भावकीतला किंवा भाड्याने आणलेला ट्रॅक्टर दाखवून चालत नाही. ज्या अवजारासाठी एकदा लाभ घेतला, त्याच अवजारासाठी पुढील 10 वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही, पण वेगळ्या अवजारासाठी करता येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला आणि अल्प व अत्यल्प भूधारक, म्हणजे 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेले शेतकरी, यांना किमतीच्या 50 टक्के, तर इतरांना 40 टक्के अनुदान मिळते. प्रत्येक अवजाराला कमाल मर्यादा ठरलेली असते आणि टक्केवारीने येणारी रक्कम व ही मर्यादा यांपैकी जी कमी असेल तीच मिळते. किंमत फुगवलेले कोटेशन आणून अनुदान वाढत नाही, हे दुकानात बसण्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

अर्जात कृषी यंत्र-अवजारांच्या खरेदीसाठी अर्थसहाय्य हा घटक निवडल्यावर ट्रॅक्टर-पॉवर टिलरचलित अवजारे हा तपशील येतो आणि त्याखाली एचपी (अश्वशक्ती) श्रेणी विचारली जाते. 20 पर्यंत, 20 ते 35 आणि 35 च्या वर असे हे टप्पे असतात. ही श्रेणी आरसी बुकात नोंदलेल्या इंजिनाच्या अश्वशक्तीवरून निवडावी. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर रंगवलेल्या मॉडेलच्या आकड्यावरून नव्हे, कारण मॉडेलचा आकडा आणि एचपी एकच असतील असे नाही.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगणे भाग आहे. श्रेणीमुळे फक्त अनुदानाची मर्यादा ठरते. आपल्या ट्रॅक्टरला किती फुटी अवजार झेपेल, हे तिच्यावरून कळत नाही. 21 आणि 34 एचपीचे दोन ट्रॅक्टर अर्जात एकाच श्रेणीत बसतात, पण पाचटात उतरल्यावर त्यांच्यात मोठा फरक पडतो. अवजाराला फिरवते ती पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्याची, ताकद, आणि ती इंजिनाच्या एचपीपेक्षा कमी असते. ठोकताळा म्हणून इंजिनाच्या सुमारे 85 टक्के धरावी. 24 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण 20 एचपी मिळतात. बांधावरचे गवत व हलकी झुडपे कापणाऱ्या रोटरी स्लॅशरला रुंदीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओचे 4 ते 5 एचपी लागतात, म्हणून हा ट्रॅक्टर 4 फुटी स्लॅशर ओढू शकतो. पाचट बारीक करणाऱ्या मल्चरला मात्र फुटामागे 7 ते 8 एचपी धरावे लागतात, आणि मग तोच ट्रॅक्टर जेमतेम 3 फुटांपर्यंत येतो. जास्त रुंद यंत्र घेतले तर पाचटाचा थर दाट लागताच पीटीओचे फेरे मिनिटाला 540 वरून खाली येतात, पाचट कापले न जाता रोटरला गुंडाळते आणि शिअर बोल्ट (जादा ताण आल्यास आधी तुटून यंत्र वाचवणारे बोल्ट) तुटू लागतात.

वजनाचाही विचार करावा. अवजार हायड्रॉलिकवर उचलल्यावर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलके पडते. सरीतून ट्रॅक्टर न्यायचा असेल तर अर्जाला बसण्याआधी शेतात जाऊन दोन सऱ्यांमधील अंतर आणि मागच्या दोन चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी टेपने मोजावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते न करता साडेचार फुटी यंत्राचे कोटेशन घेऊन येणारे मी पाहिले आहेत.

अर्जासाठी ओळख क्रमांक, आधार, बँक पासबुक, आरसी बुक आणि लागू असल्यास जातीचा दाखला जवळ ठेवावा. चालू सातबारा व आठ-अ हाताशी असलेले बरे. अर्ज घरून किंवा गावातील आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. 2025-26 पासून सोडत बंद होऊन प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य दिले जाते, त्यामुळे अर्ज लवकर भरण्याला महत्त्व आले आहे. निवड झाल्याचा संदेश मोबाईलवर आला की त्यात दिलेल्या मुदतीत अधिकृत विक्रेत्याचे कोटेशन आणि त्या अवजाराचा परीक्षण अहवाल अपलोड करावा. हा अहवाल मान्यताप्राप्त परीक्षण संस्थेचा असावा लागतो आणि त्यात यंत्राला लागणारी ट्रॅक्टरची ताकद लिहिलेली असते. वर दिलेले हिशेब ठोकताळे आहेत. अहवालातला आकडा प्रमाण मानावा.

माझ्या ओळखीच्या एका अर्जात आरसी बुकात 24 एचपी, अर्जात 20 ते 35 ची श्रेणी आणि अहवालात 35 च्या पुढची शिफारस होती. विक्रेत्याने दुकानात असलेल्या यंत्राचा अहवाल जोडून दिला होता. अर्ज त्रुटीत परत आला आणि दुसरे कोटेशन मिळवण्यात आठवडा गेला. म्हणून अपलोड करण्यापूर्वी आरसी बुक, कोटेशन आणि अहवाल टेबलावर शेजारीशेजारी ठेवून एचपी, मॉडेल आणि रुंदी यांखाली पेन्सिलने रेघ ओढावी; त्यांत मेळ नसेल तर कागद विक्रेत्याकडे लगेच परत पाठवावेत.

कागदपत्रे तपासून झाली की पूर्वसंमती मिळते. ती मिळण्यापूर्वी यंत्र खरेदी करू नये, बिलही करून घेऊ नये; पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल अनुदानास पात्र ठरत नाही. सुगी तोंडावर आली की हा नियम मोडण्याचा मोह होतो, हे खरे आहे. पूर्वसंमती पत्रातील मुदतीत, त्यात लिहिलेलेच यंत्र घ्यावे, रक्कम बँकेतून विक्रेत्याच्या खात्यात भरावी आणि बिल पोर्टलवर टाकावे. त्यानंतर सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) मोका तपासणीस येऊन यंत्राचा फोटो घेतात आणि बिलावरचा अनुक्रमांक यंत्रावरच्या पाटीशी ताडून पाहतात. आपल्याकडे नवे यंत्र घरी आले की त्याला हार घालून गुलाल लावण्याची रीत आहे. तेवढी ती पाटी मात्र कोरडी आणि वाचता येईल अशी ठेवावी.