सहा तास थांबला, तर ‘भरती’ धरायची का? घरच्या कोविड रुग्णांवरच्या जुन्या गोळ्यांची पार्श्वभूमी

एका रोगासाठी बनलेलं औषध दुसऱ्यावर लागू पडणं नवं नाही. १९६४ साली कॅन्सरसाठी तयार केलेलं आणि मग बाजूला पडलेलं एझेडटी १९८७ मध्ये एचआयव्हीवरचं पहिलं मंजूर औषध ठरलं. कोविडमध्ये मात्र प्रश्न निराळा होता. रुग्ण घरीच आहे, अजून बरा आहे. त्याला दवाखान्यापर्यंत जाऊच न देणारी, स्वस्त आणि ओळखीची गोळी हवी होती.

मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि जंतांवरचं आयव्हरमेक्टिन यांवर सगळ्यात जास्त गदारोळ झाला. आयव्हरमेक्टिनने प्रयोगशाळेत विषाणू रोखला होता, पण तेवढं प्रमाण नेहमीच्या डोसने रक्तात पोहोचतच नाही. पुढे मोठ्या चाचण्यांत दोन्ही औषधांचा उपयोग दिसला नाही. तो विषय तिथेच संपायला हवा होता.

खरी चर्चा व्हायला हवी होती ती फ्लुवोक्सामिनची. हे मंत्रचळासारख्या विकारावर वर्षानुवर्षं दिलं जाणारं औषध. पेशींमधल्या सिग्मा-१ रिसेप्टर या प्रथिनावर काम करून ते दाहाचा भडका आवरेल, असा तर्क होता. २०२० मध्ये अमेरिकेत १५२ जणांवर पहिली चाचणी झाली. गोळ्या, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि बीपीचं यंत्र रुग्णाच्या दारात ठेवलं जाई. पुढची विचारपूस फोनवर आणि ऑनलाइन. औषध घेणाऱ्या ८० जणांपैकी एकाचीही प्रकृती ढासळली नाही, प्लासिबोवरच्या (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीवरच्या) ७२ पैकी सहा जणांची ढासळली. आकडा लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग ब्राझीलमध्ये जवळपास १,५०० रुग्णांवर चाचणी झाली: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. ‘मोठ्या रुग्णालयात हलवलं किंवा कोविडच्या तातडीच्या कक्षात सहा तासांहून जास्त ठेवलं’ हा तिथला निकष. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्के, इतरांत १६. मे २०२२ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने फ्लुवोक्सामिनला आपत्कालीन परवानगी नाकारली, आणि घोडं मुख्यतः या सहा तासांवर अडलं. त्यांचं म्हणणं, इतका वेळ देखरेखीखाली ठेवणं म्हणजे भरती नव्हे. शिवाय इतर चाचण्यांत फायदा दिसला नव्हता. आक्षेप पोकळ नाही. पण लाट भरात असताना खाटाच नसायच्या, आणि अशा कक्षांतच रुग्णांवर उपचार चालत. जागा नाही म्हणून वॉर्डात न पोहोचलेला माणूस ‘भरती झालाच नाही’ असं धरणं मला अन्यायाचं वाटतं. त्यातून अर्ज कंपनीचा नव्हता, एका डॉक्टरचा होता. पेटंट संपलेल्या गोळीसाठी नव्या चाचणीचा खर्च कोण करणार?

पुढे अमेरिकेत याच डोसची आणखी एक चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला: लक्षणं लवकर गेली नाहीत. मात्र तिथे मुख्य मोजमाप बरं होण्यासाठी किती दिवस लागले याचं होतं, भरतीचं नव्हतं.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचंही घोडं निकषातच अडलं. २०२२ च्या चाचणीत भरतीच्या जोडीला घरच्या ऑक्सिमीटरवरचं ९३ किंवा त्याखालचं रीडिंगही मुख्य निकषात धरलं होतं, आणि निकाल नकारात्मक आला. त्याच रुग्णांकडे दहा महिने लक्ष ठेवलं, तेव्हा लाँग कोविडचं निदान औषध घेतलेल्यांत ६.३ टक्के निघालं, न घेतलेल्यांत १०.४.