घाम नाही आणि दातही नाहीत

बाळ दीड वर्षाचे झाले तरी दात दिसत नाहीत, असे कळले की आमच्या ठाण्यात पहिला सल्ला मिळतो तो कॅल्शियमच्या औषधाचा. बहुतेक मुलांचे दात यथावकाश येतात आणि श्रेय बाटलीला जाते. काही मोजक्या मुलांच्या हिरडीत मात्र दात अडकलेला नसतो. तो घडलेलाच नसतो.

गेल्या मे महिन्यात तलावपाळीवर चार वर्षांचा असा एक मुलगा दिसला. दमट उकाड्याने सगळे घामाघूम झालेले असताना त्याचे कपाळ कोरडे होते आणि आई त्याचा सदरा पुन्हा पुन्हा पाण्याने भिजवत होती. केस विरळ, आणि हसल्यावर वर दिसले ते खुंटीसारखे निमुळते दोनच दात.

दातांचा घामाशी संबंध जुळतो तो गर्भात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास भावी जबड्यावरचा बाह्यस्तर पट्टीसारखा जाड होतो आणि ठरावीक जागी खालच्या ऊतीत कळीसारखा शिरतो. कळी वाढणार की विरणार, हे दोन्ही थरांमधल्या रासायनिक निरोपांवर ठरते, आणि त्यांपैकी एक निरोप ईडीए नावाचे प्रथिन पोचवते. केस आणि घामग्रंथीही याच बाह्यस्तराच्या कळ्यांतून घडतात; त्यामुळे ईडीएचे जनुक बिघडले की तिन्हींचे काम एकदम बिनसते. दातात कॅल्शियमचे क्षार साचू लागतात ते गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास, म्हणजे कळीचा निकाल लागून गेल्यावर. जबड्याचे दाताभोवतीचे हाडही दातासोबतच वाढते. दात नसेल तिथे ते धारेसारखे पातळ राहते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्यांत ते गुणसूत्र एकच असल्याने त्यांना त्रास अधिक होतो. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधील एका हिंदू कुटुंबातल्या चार पिढ्यांतील अशा दहा पुरुषांची नोंद डार्विनने 1875 मध्ये केली होती. मुली बाधित नसत, पण त्यांच्या मुलग्यांत दोष उतरे, हेही त्याने टिपले होते. प्रत्यक्षात अशा स्त्रियांतही एखादा निमुळता किंवा न आलेला दात सापडतो. म्हणून कारण न सापडणारा ताप, कोरडी त्वचा आणि टोकदार दात एकत्र दिसले, तर मुलाच्या जबड्याच्या एक्स-रेबरोबर आईचे तोंडही तपासावे लागते.

वरचा दात आधी आला तर बाळ मामाला जड, असे आपल्याकडे अजूनही म्हणतात. त्याला काडीचाही आधार नाही. मात्र हा दोष आईकडून येत असल्याने, मामाला दात किती आणि उन्हात त्याला घाम येतो का, हे डॉक्टरांनी जरूर विचारावे.