ओठावरचा फोड दरवेळी त्याच जागी का येतो?

ओठाच्या कडेला चुरचुरायला लागतं, दुसऱ्या दिवशी तिथे बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका, मग ते फुटतात, पिवळट खपली धरते, जरा हसलं की तडकून रक्त येतं आणि आठ-दहा दिवसांत सगळं गायब. काही महिन्यांनी परत तेच, जागासुद्धा तीच. कोल्ड सोअर, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या व्हायरसमुळे येणारा हा फोड, होणाऱ्यांना हे पाठ असतं. ताप, कडक ऊन, पाळी, जागरण, टेन्शन यानंतर येतो म्हणून लोकांनी तो कायम उष्णतेच्या नाहीतर पोटाच्या माथी मारला. पण तीच जागा का, हे कळायला विसाव्या शतकातली बरीच वर्षं गेली.

एकाकडून दुसऱ्याला तो लागतो हे फ्रान्सच्या एमिल विडाल यांनी १८९३ मध्ये दाखवलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांना एक वेगळीच गोष्ट दिसली, चेहऱ्याच्या असह्य कळांसाठी ज्यांच्या नसेच्या मुळाशी ऑपरेशन केलं त्यांना नंतर थोड्याच दिवसांत तोंडावर असे फोड यायचे. म्हणजे भानगड कातडीत नाही, नसेत आहे! संशोधक अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी सशांवर प्रयोग करून हा व्हायरस नसेवाटे प्रवास करतो हे दाखवलं आणि १९२९ मध्ये तो कानाजवळ कवटीच्या आत असलेल्या नसेच्या गाठीत दडून बसत असावा असं मांडलं. मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९३९ मध्ये त्यात भर घातली, की बहुतेकांना तो लहानपणीच लागतो आणि मग जन्मभर राहतो. पक्का पुरावा मात्र १९७० च्या दशकात मिळाला, मृत माणसांच्या त्या गाठी लॅबमध्ये वाढवल्यावर त्यातून हर्पिस सिम्प्लेक्स बाहेर आला. जागा झाला की तो त्याच नसेने खाली उतरतो, म्हणून फोडही त्याच जागी येतो.

तोवर काय काय उपाय झाले बघा, अगदी देवीची लससुद्धा पुन्हा पुन्हा टोचली जायची आणि तिचा फायदा काही सिद्ध झाला नाही. खरं वळण आलं ते असायक्लोव्हिर या औषधामुळे. औषध-संशोधक गर्ट्रूड एलियन यांच्या टीमने ते पुढे आणलं, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. हे औषध व्हायरसच्याच एन्झाइममुळे चालू होतं, त्यामुळे निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. पण गाठीत झोपलेला व्हायरस वाढतच नसतो, मग औषध त्याला धरणार कसं? म्हणूनच हा आजार मुळापासून जात नाही.

आणि म्हणूनच वेळेला एवढं महत्त्व आहे. चुरचुर सुरू झाली म्हणजे व्हायरस नसेतून खाली येऊन वाढायला लागलाय, औषध तेव्हाच सुरू करायचं, खपली धरल्यावर क्रीम चोपडून फार काही हाती लागत नाही. वारंवार येत असेल तर डॉक्टर आधीच गोळ्या देऊन ठेवतात, व्हॅलासायक्लोव्हिरचा (असायक्लोव्हिरच्याच जातीचं औषध) तर फक्त एका दिवसाचा कोर्स असतो. उन्हाने येत असेल तर ओठांना सनस्क्रीनवाला लिप बाम लावा. फोड असताना तान्ह्या बाळाची पापी अजिबात घेऊ नका, बाळाच्या जिवावर बेतू शकतं. हात लागला तर धुवा, आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यात लाजण्यासारखं मात्र काहीच नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या अंगात हा व्हायरस आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.